पेन्सिलीतली सही

9 जून

बंगालचे चित्रकार हरेन दास यांचं लाकडावर कोरून छापलेलं एक चित्र विकायला निघालं आहे, असा आज निरोप आला. प्रभात रस्त्यावरच्या एका जुन्या घरातलं. त्या घरातले प्राध्यापक नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं कलकत्त्याला होते, तिथेच त्यांनी ते घेतलं. ते आता नाहीत. मुलगी घर आवरायला आली आहे. तिने फोटो पाठवला. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं चित्र. तळ्याचा काठ, गुडघाभर पाण्यात उभी मुलं, एकाच्या हातात मासे धरायची जाळी, पलीकडे ताडाची झाडं आणि पाण्यात त्या झाडांची मोडलेली प्रतिबिंबं. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने सही.

फोटोवरून काही ठरवत नाही. कागद हातात घेतल्याशिवाय ठशाचं चित्र कळत नाही. या आठवड्यात येऊन जाते, असं तिला कळवलं.

10 जून

सहीची, मोजक्या प्रतींची आणि लहानपणाचीच चित्रं मी जमवते. हाच विषय का, असं घरी येणारे विचारतात. त्याचं उत्तर माझ्या नोकरीत आहे. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना स्मरणचित्र शिकवलं. महाराष्ट्रात शिकलेल्या कुणाला तो पेपर समजावून सांगायला नको. प्रसंग दिलेला असतो, समोर काही नसतं, आठवून काढायचं. पतंग उडवणारी मुलं, बसथांबा, गावची विहीर, भाजीबाजार. आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचं चित्र एकच निघतं, कारण ती आठवत नाहीत, मार्गदर्शक पुस्तकातलं पाठ केलेलं काढतात. तेच वाकलेलं झाड, तीच डोक्यावर हंडा घेतलेली बाई, तोच डोंगरामागचा अर्धा सूर्य.

एकदा एका मुलीने ‘माझे घर’ या विषयावर ऊसतोडीच्या तळावरची कोपी काढली. पाचटाची. तिच्या दारात एक पातेलं पालथं घातलेलं आणि त्यावर धाकटा भाऊ बसलेला. चित्रातले दोष मी दाखवू शकले असते, पण त्या पातेल्याचा पोचा तिने बरोबर जागेवर काढला होता. पोचा कुठे आहे हे ज्याला आठवतं, त्याचं स्मरण खरं. तेव्हापासून लहानपणाच्या कुठल्याही चित्रात मी आधी तो पोचा शोधते. बाजारात या प्रकारची चित्रं भरपूर आहेत: गोट्या खेळणारी गोबऱ्या गालांची मुलं, पावसात कागदी होड्या, कंदिलाच्या उजेडात अभ्यास. त्यांतली बहुतेक कुणाच्याच लहानपणाची नाहीत.

13 जून

चित्र पाहिलं.

मुलीने जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढून ठेवलं होतं. फ्रेम तिने आधीच उघडून घेतली होती, हे बरं झालं. काचेआडून कागदाचा पोत दिसत नाही, शाई कागदावर बसली आहे की कागदात उतरली आहे हेही समजत नाही. मी भिंग लावलं. ऑफसेटची छपाई असती तर रंगाची जागा ठिपक्याठिपक्यांत फुटलेली दिसली असती. इथे काळा रंग सलग, घट्ट, आणि त्यातून पांढऱ्या रेषा निघालेल्या. लाकूड कोरणारा अंधारात उजेड कोरत जातो. जे कोरलं ते कागदावर पांढरं राहतं, जे सोडलं ते काळं उमटतं. पाण्यातल्या प्रतिबिंबात त्या रेषा केसाएवढ्या बारीक होत्या आणि एकही दुसरीत घुसली नव्हती. कागद उलटा करून बोट फिरवलं, तर मागे ठशाचा दाब जाणवत होता.

सही पेन्सिलीची. उजेडाकडे तिरपी धरल्यावर शिसाची करडी चकाकी दिसते. छापलेल्या सहीला ती येत नाही. ग्राफाइट उन्हाने विटत नाही, कागदाला खातही नाही, म्हणून ठशाच्या चित्रांवर पेन्सिल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिस्लर आणि सेमूर हेडन या चित्रकारांनी ही प्रथा रुळवली. त्याआधी चित्रकाराचं नाव छापायच्या पाटीतच कोरलेलं असे आणि हजाराव्या प्रतीवरही ते तसंच उमटे. पेन्सिलीची सही मात्र छापून झालेल्या एकेका कागदावर, त्या कागदाकडे बघून करावी लागते. खराब उमटलेली प्रत बाजूला टाकायची संधी चित्रकाराला तिथे मिळते. माझ्या लेखी सहीची खरी किंमत या बघण्यात आहे.

बघणंच काढून टाकलं, तर सहीत काही उरत नाही. 1974 साली फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांनी अँडोराकडे निघालेली एक गाडी अडवली. तिच्यात साल्वादोर दाली यांच्या सहीचे हजारो कोरे कागद होते. चित्र पुढे कुणीतरी, कधीतरी छापणार होतं. दालींच्या उतारवयातल्या ठशांकडे जाणकार आजही संशयाने बघतात ते त्यामुळेच.

या चित्रावर आकडा नाही. खाली डावीकडे 7/25 असं काहीतरी हवं, म्हणजे पंचविसातली सातवी प्रत, किंवा ‘ए. पी.’, म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. ती जागा कोरी आहे. मुलीचा चेहरा उतरला. कुणीतरी तिला सांगितलं होतं म्हणे, आकडा नसेल तर माल खोटा. तसं नाही. आपल्याकडे त्या पिढीत ठसे बहुधा मागणी येईल तसे घेतले जायचे. एकगठ्ठा आवृत्ती काढायची, आकडे घालायचे, मग पाटी रद्द करायची, ही शिस्त पुढे आर्ट गॅलऱ्या वाढल्या तसतशी पक्की झाली. मी तिला म्हटलं, “ताई, आकडा नाही म्हणून हे खोटं ठरत नाही. पण विकत घेणाऱ्याने आकडा विचारला तर लपवू नका.” तिने चहा केला आणि विचार करायला मला वेळ दिला.

14 जून

आकड्याचाच विचार चालू आहे.

मोजक्या प्रती का? काही माध्यमांत ती गरजच असते. ड्रायपॉइंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडा काढतात. त्याच्या कडेला धातूची बारीक कड उठते, शाई तिथे अडकते आणि रेषेला मखमली काळेपणा येतो. प्रेसच्या दाबाखाली ती कड लवकर झिजते. काही डझन प्रतींनंतर चित्र फिकं पडू लागतं, आणि तिथे 3/15 आणि 14/15 यांत फरक डोळ्यांना दिसतो.

लाकडाचं तसं नाही. थॉमस ब्यूइकची गोष्ट त्यासाठी सांगायलाच हवी, कारण लहानपणाच्या चित्रांचा तो मूळपुरुष आहे आणि लाकूड बारीक कोरण्याच्या कलेचाही. 1753 ते 1828 हा त्याचा काळ. इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदीकाठी चेरीबर्न नावाच्या शेतघरात तो वाढला. शाळेत पाटी-वही पुरेना म्हणून थडग्यांवर आणि चर्चच्या पडवीतल्या फरशीवर खडूने चित्रं काढायचा. चौदाव्या वर्षी, 1767 मध्ये, न्यूकॅसलच्या राल्फ बेल्बीकडे उमेदवारीला लागला. त्याची कोरण्याची रीत अशी: फळी उभी न कापता खोड आडवं कापायचं, म्हणजे तंतूंची टोकं वर येतात. त्या कठीण पृष्ठभागावर तांब्यावर चालवतात तसं ब्यूरिन हे हत्यार चालवता येतं. बॉक्सवुडचं लाकूड, सुपारीसारखं घट्ट. त्याने कोरलेला एक ठोकळा वर्तमानपत्रासाठी नऊ लाखांहून अधिक वेळा छापला गेला, असं ब्यूइकने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

म्हणजे आडव्या कापाच्या लाकडावर पंचवीसच प्रती काढायच्या, ही लाकडाची अट नव्हेच. लाकूड लाखाला तयार आहे. पंचवीस म्हणणारा चित्रकार शब्द देत असतो, आणि घेणारा त्या शब्दावर पैसे मोजतो. पाटीवर आडवी रेघ मारून ती रद्द करण्याची रीत त्या शब्दाची साक्ष म्हणून आली.

ब्यूइकने स्वतः आकडे घातले नाहीत. पण त्याची चित्रं चोरून वापरणाऱ्यांचा त्रास त्याला फार होता. 1818 साली त्याने इसापनीतीचं पुस्तक काढलं, तेव्हा ग्राहकाला द्यायच्या पावतीवर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा कोरून छापला. मला हे फार आवडतं. ज्याचा सारा जन्म ठसे काढण्यात गेला, त्याने खरेपणाची खूण म्हणून शेवटी आपला अंगठा पुढे केला.

आणि त्याची लहानपणाची चित्रं! ‘ब्रिटिश पक्ष्यांचा इतिहास’ 1797 आणि 1804 अशा दोन खंडांत निघाला. त्यात पक्ष्याच्या वर्णनाखाली पानावर जागा उरली की तो दोन-तीन इंचांचं एखादं दृश्य टाकून देई. थडग्यांवर घोडा-घोडा करून बसलेली पोरं. ओढ्यात होड्या सोडणारी पोरं. शिंगराची शेपटी ओढणारं तान्हं पोर, आणि कुंपणावरून उडी टाकत धावत येणारी त्याची आई. त्याच पानांत दूर टेकडीवर फाशीचा खांब असतो, हाडं निघालेलं कुत्रं असतं, पावसात निघालेला लंगडा शिपाई असतो. दोनशे वर्षांनी आपल्या देशात बसून मी ती भिंगाखाली बघते, आणि त्यातल्या एकाही पोराचे गाल फुगवलेले नाहीत.

19 जून

पाऊस. हवेत ओल इतकी की कागद हाताला गार लागतो.

सगळ्या फ्रेम्स बाहेरच्या भिंतींवरून उतरवल्या. पावसाळ्यात बाहेरची भिंत घाम धरते, आणि त्या ओलीने मागचा पुठ्ठा मऊ होतो. ट्रंकेतल्या प्रतींमधले टीपकागद बदलले. एका लिनोकटच्या समासात तांबूस ठिपके दिसू लागले आहेत, बुरशीचे. तो वेगळा ठेवला. पाऊस सरला की कागदाची डागडुजी करणाऱ्यांकडे द्यायचा. रबराने खोडायला जायचं नाही. कसर अजून दिसली नाही. डांबरगोळ्या कागदाशेजारी ठेवत नाही, त्यांची वाफ कागदाला नको.

चुलतबहीण तिचा एचिंग फ्रेम बदलायला घेऊन आली होती. फ्रेमवाल्याने, कुठल्या ते लिहीत नाही, तो गरम प्रेसखाली पुठ्ठ्याला कायमचा चिकटवून टाकला आहे, शिवाय फ्रेमच्या मापात बसावा म्हणून खालचा समास कापला आहे. समासाबरोबर आकडा गेला, निम्मी सही गेली. तिचा काही दोष नाही. फ्रेमवाले फोटोंना हेच करतात आणि फोटोला ते चालतं. ठशाला चालत नाही. ॲसिड-फ्री माउंट, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि त्या चिकटवायला घरी शिजवलेली गव्हाची खळ, बस. खळ पाण्याने सुटते. पन्नास वर्षांनी कुणाला ते चित्र सोडवावंसं वाटलं, तर सोडवता आलं पाहिजे. काच चित्राला टेकता कामा नये. तिला हे सगळं एका कागदावर लिहून दिलं.

24 जून

आज दिवसभर हरेन दास.

जन्म 1921, दिनाजपूर. कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये शिकले, पुढे तिथेच शिकवलं. 1993 साली गेले. त्यांचे गुरू रमेंद्रनाथ चक्रवर्ती. रमेंद्रनाथ शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झालेले. म्हणजे ब्यूइकची कला फिरत फिरत बंगालमध्ये आली, आणि तिथे तिने भातशेती, बैलगाड्या, नावा, तळी, ताडमाड कोरायला घेतले.

दासांवर टीका होते ती अशी: त्यांच्या आयुष्यात 1943 चा दुष्काळ झाला, फाळणी झाली, कलेत नवे नवे वाद आले, आणि हा माणूस शेवटपर्यंत शांत खेडं कोरत बसला. पूर्वी मलाही हा आक्षेप वजनदार वाटायचा. मग लक्षात आलं की फाळणीत दिनाजपूर जिल्हा मधोमध कापला गेला. एक भाग भारतात आला, दुसरा पूर्व पाकिस्तानात गेला. 1947 नंतर ते जे खेडं कोरत होते, त्यातलं जन्मगाव सरहद्दीच्या पलीकडे राहिलं होतं. हातातून सुटलेल्या ठिकाणाला एकेका तंतूनिशी पुन्हा उभं करणं, याला मी डोळेझाक म्हणणार नाही. शिवाय त्यांची मुलं नीट पाहावीत. ती गुरं वळतात, ओझी वाहतात, मासे धरतात. नटून-थटून बसलेली नाहीत. प्रभात रस्त्यावरच्या चित्रातल्या मुलाच्या हातातली जाळी खेळण्यातली नाही; संध्याकाळच्या जेवणात ती जाळी मोजली जाणार आहे.

आणि तरीही माझ्या भिंतीवर चित्तप्रसाद नसते, तर दासांचं चित्र मी इतक्या मोकळेपणाने घेतलं असतं का, शंका आहे.

चित्तप्रसाद 1915 चे, दासांहून सहा वर्षांनी मोठे. कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये न शिकलेले. 1943 मध्ये दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले, जे दिसलं ते काढलं, लिहिलं. ‘हंग्री बेंगाल’ ही ती पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त केली आणि जवळजवळ सगळ्या प्रती जाळल्या. 1946 मध्ये ते मुंबईत आले आणि पुढची बहुतेक सारी हयात अंधेरीत राहिले. आपल्या अंधेरीत, मराठी-गुजराती शेजारात. मुलांसाठी त्यांनी तिथे ‘खेलाघर’ नावाचं बाहुल्यांचं नाट्यघर चालवलं. आणि त्याच हातांनी लिनोवर कामकरी मुलांची मालिका कोरली. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ती 1969 साली प्रकाशित केली. तिच्या नावाचा अर्थ असा, की या देवदूतांच्या वाट्याला परीकथाच आल्या नाहीत.

त्यांचा माझ्याकडचा लिनोकट मी झोपायच्या खोलीत लावलेला नाही, बाहेरच्या खोलीतच आहे. कामावर वाकलेलं पोर, मोठे डोळे, जाड काळ्या रेषा. लिनो मऊ असतो, त्यावर लाकडासारखं नाजूक काम होत नाही, आणि चित्तप्रसादांना ते नकोच होतं. पाहुणे विचारतात, लहानपणाच्या संग्रहात हे कसं? हेच तर हवं. लहानपण म्हणजे सुट्टी, असा समज ज्यांना परवडला त्यांच्याच आठवणी तेवढ्या खऱ्या, असं नाही.

2 जुलै

न्यू जर्सीहून पुतणीचा फोन. तिच्या मुलाच्या खोलीसाठी तिला ‘आपल्याकडचं लहानपण’ हवं आहे. तिने पाठवलेल्या चित्रांपैकी एक चांगल्या यंत्रावर, चांगल्या कागदावर छापलेलं, खाली सही आणि 212/950. चित्रकाराचं मूळ चित्र जलरंगातलं. ही त्याची संगणकावरून काढलेली छपाई. त्यात फसवणूक काही नाही, विकणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलं आहे. इंग्लंडमध्ये लॉरी या चित्रकाराने मँचेस्टर-सालफर्डच्या गिरणवस्तीतल्या रस्त्यांची जी चित्रं काढली, त्यांच्याही अशा सही केलेल्या छापील प्रती शेकड्यांनी निघाल्या, आणि लोक त्या आवडीने जपतात. मी तिला एवढंच विचारायला सांगितलं: हेच चित्र दुसऱ्या मापात, दुसऱ्या कागदावर, नव्या आकड्यांनी पुन्हा काढणार आहात का? उत्तर ‘हो’ असेल तर 950 या आकड्याला अर्थ नाही; चित्र आवडलं तर चित्राचे पैसे द्यावेत, आकड्याचे देऊ नयेत.

तिची दुसरी इच्छा नंदलाल बोस यांच्या ठशाची. तो भारतात घेता येईल, अमेरिकेला नेता येणार नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली नऊ चित्रकारांचं काम राष्ट्रीय ठेवा ठरलेलं आहे आणि ते देशाबाहेर जात नाही. नंदलाल त्या नऊंतले, रविवर्माही. ती हिरमुसली. मग तिला ‘सहज पाठ’बद्दल सांगितलं. रवींद्रनाथांची ही बाराखडी 1930 साली निघाली, आणि तिच्यातली लिनोची चित्रं नंदलालांची. मोजक्या ठोकळ रेषा, काळ्यापांढऱ्यात सगळं खेडं. बंगालमधल्या कितीतरी पिढ्या त्यावर अक्षर ओळखायला शिकल्या, आणि पुस्तक आजही सहज मिळतं. तिथे सही नाही, आकडा नाही. 1894 मध्ये रविवर्म्यांनी गिरगावात छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला; तिथून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतींवर तरी कुठे आकडा होता? मुलाच्या खोलीत आधी ते पुस्तक जाऊ दे.

5 जुलै

घेतलं.

किंमत ठरवताना मुलीने दोन जुन्या लिलावांच्या नोंदी काढून ठेवल्या होत्या. आकडा नसल्याने थोडं कमी, कागद स्वच्छ असल्याने फार कमी नाही. पेन्शनीतून हप्त्याने द्यायला ती आपणहून तयार झाली. पावतीवर मी तिच्याकडून सगळं लिहून घेतलं: तिच्या वडिलांनी ते कलकत्त्यात घेतलं, तेव्हापासून त्याच घरात होतं, सही पेन्सिलीची, आकडा नाही, मागे कुठलीही दुरुस्ती नाही. चित्र कुणाच्या हातातून आलं याची ही साखळी पुढे फार उपयोगी पडते, आणि ती घराबाहेर पडताना लिहिली नाही तर कायमची तुटते. निघताना ती म्हणाली, “बाबा रविवारी ते पुसायचे. काच फक्त.” तेही मी वहीत टिपून घेतलं.

चित्तप्रसादांच्या समोरच्या भिंतीवर, आतल्या बाजूला, दासांचं चित्र लावलं. शेजारी-शेजारी लावायचा विचार आधी केला होता. पण मग बघणारा दोघांची तुलना करत बसतो, कोण खरं नि कोण खोटं. समोरासमोर असली की एकाकडे बघताना दुसऱ्याकडे पाठ होते, आणि वळावंच लागतं.

11 जुलै

माझ्या जुन्या शाळेत लिनोचा तास घ्यायला बोलावलं. इंटरमिजिएटला बसणारी वीस-एक मुलं. ब्यूइकची पानं आणि चित्तप्रसादांचा लिनोकट घेऊन गेले, प्लास्टिकच्या पाकिटात, पावसाची धास्ती बाळगत. आधी अर्धा तास नुसतं भिंगातून बघणं. थडग्यांवर घोडा-घोडा करणारी मुलं बघून वर्गात हशा पिकला. चित्तप्रसादांच्या मुलाकडे बघताना कुणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, “बाई, हा आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मुलासारखा आहे.” तिला विचारलं, त्याच्या हातावर काय असतं? “ग्रीस. कोपरापर्यंत.” म्हटलं, मग ते काढ.

लिनोचे तुकडे थोडा वेळ गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून मऊ केले. हत्यार नेहमी अंगापासून दूर, दुसरा हात हत्याराच्या मागे. चित्र छापताना उलटं होतं हे कितीही सांगितलं तरी तीन-चार मुलांनी नावं सुलट कोरलीच, आणि कागदावर ती उलटी आली तेव्हा त्यांना ते पक्कं समजलं.

18 जुलै

आज छपाई. प्रेस नाही. रोलरने शाई, वर कागद, आणि पाठीमागून स्टीलच्या पळीने घासायचं. कोपरे आधी, मग मध्य. शाई फार झाली की बारीक रेषा बुजते, कमी झाली की काळा भाग दाणेदार येतो. प्रत्येकाने दहा प्रती काढायच्या असं ठरलं. त्यातली खराब कोणती हे स्वतः ठरवून बाजूला टाकायची, राहतील त्यांवर पेन्सिलीने आकडा आणि सही. हे ठरवायला त्यांना चित्र काढण्याहून जास्त वेळ लागला. काही जणांनी दहाच्या दहा ठेवल्या. गॅरेजवाल्या मुलाचं चित्र काढणाऱ्या मुलीने सहा टाकल्या आणि चार ठेवल्या. तिच्या चारही प्रतींत ग्रीसचा हात स्वच्छ काळा आला आहे.

मग लिनोवर आडवी रेघ मारायची वेळ आली. बहुतेकांनी मारली. एक मुलगा मारीना. त्याचं चित्र आजोबांच्या बैलगाडीचं; गाडी आणि बैल दोन्ही विकले गेले आहेत, आणि लिनोवर पुन्हा सुरी लावायला तो तयार नव्हता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सगळ्यांना एक नियम. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की रेघ मारणं ही शब्द पाळल्याची साक्ष आहे, शब्द नव्हे. त्याने आठ आकडे घातले आहेत, नववी प्रत काढायची नाही हे त्याला कळलं आहे. ठोकळा घरी ठेवू द्या. त्यांनी मान्य केलं. मुलाने मला 8/8 दिली. मी पैसे देऊ लागले तर घेईना, तेव्हा चित्राच्या बदल्यात त्याला माझी जुनी कोरण्याची हत्यारं दिली. त्यांतली एक सुरी धारेला लावायची आहे. ती पुढच्या तासाला नेईन.